उंदराचं ‘औषध’

आपल्याकडे कुणी ‘विष घेतलं’ असं सहसा म्हणत नाही. ‘औषध घेतलं’ म्हणतात. गावाकडून फोन येतो, अमक्याच्या पोराने औषध घेतलं, आणि ऐकणाऱ्याला पुढचं सांगावं लागत नाही. घरच्यांनी हा शब्द वापरला तर समजू शकतो, त्यांना काहीतरी झाकायचं असतं. पण दुकानदारही तोच शब्द वापरतो. उदबत्ती आणि टूथपेस्टच्या शेजारच्या फळीवर उंदराच्या औषधाची ट्यूब असते. तिच्यासाठी चिठ्ठी लागत नाही, कुणी नाव विचारत नाही, वयही विचारत नाही.

या ट्यूबबद्दल मला भांडायचं आहे. सगळ्या उंदीरनाशकांबद्दल नाही, पिवळ्या फॉस्फरसच्या पेस्टबद्दल.

उंदराचं औषध पोटात गेलेला माणूस कॅज्युअल्टीत आला की डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘कुठलं? पाकीट आणलंय का?’ पुढचं बरंचसं या उत्तरावर ठरतं. ब्रोमाडिओलोनसारख्या औषधांच्या वड्या रक्त गोठू देत नाहीत. त्यावर उतारा आहे, व्हिटॅमिन के. वेळेत दवाखाना गाठला, रक्ताच्या तपासण्या होत राहिल्या, तर बहुतेक प्रौढ रुग्ण घरी परततात. पिवळ्या फॉस्फरसवर उतारा नाही.

आणि त्याचा सगळ्यात वाईट गुण म्हणजे तो फसवतो. सुरुवातीला उलट्या, पोटदुखी होते. मग एखाद-दोन दिवस माणूस ठीक वाटतो. जेवतो, बोलतो. घरच्यांना वाटतं वाचला, पोलिसांचं लचांड नको, बिल वाढायला नको, चला घरी. त्यानंतर डोळे पिवळे होतात आणि यकृत बंद पडायला लागतं. अशा वेळी रक्तातला प्लाझ्मा बदलण्याचे उपचार करतात. वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या डॉक्टरांनी त्यावर बरंच काम केलं आहे. काहींना यकृत प्रत्यारोपणच लागतं. ते तालुक्याच्या गावी होत नाही आणि शहरात झालं तरी खर्च लाखांत जातो. म्हणून हे एवढं तरी प्रत्येकाला माहीत असावं: रुग्ण बरा दिसतोय म्हणून घरी न्यायचं नाही, पाकीट बरोबर न्यायचं, आणि काय पोटात गेलंय ते डॉक्टरांपासून लपवायचं नाही. राहिला पोलिसांचा प्रश्न. मानसिक आरोग्य कायदा, 2017 नुसार असा प्रयत्न करणारा माणूस तीव्र तणावाखाली होता असंच गृहीत धरलं जातं, आणि त्याला शिक्षा करण्याऐवजी त्याची काळजी घेणं हे सरकारचं काम ठरतं. हे कुणी कॅज्युअल्टीच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात का लिहीत नाही, देव जाणे.

या मधल्या दिवसांत रुग्ण अनेकदा पूर्ण शुद्धीवर असतो. रागाच्या, अपमानाच्या ज्या क्षणात त्याने ट्यूब उचलली, तो क्षण केव्हाच निघून गेलेला असतो. त्याला आता जगायचं असतं. ट्यूबला त्याचं काही नसतं.

इथे कुणीतरी म्हणतंच, ‘ज्याला मरायचंय तो काहीही करून मरणार.’ चहाच्या टपरीपासून मंत्रालयापर्यंत हे वाक्य ऐकू येतं, आणि ते खोटं आहे. श्रीलंकेत 1995च्या सुमारास आत्महत्यांचं प्रमाण जगातल्या सर्वाधिक प्रमाणांपैकी एक होतं. सरकारने सर्वांत जहाल कीटकनाशकं एकेक करून बंद केली. 1998 मध्ये एन्डोसल्फान, पुढे पॅराक्वाटसारखी आणखी काही. पुढच्या वीसेक वर्षांत आत्महत्यांचा दर सुमारे 70 टक्क्यांनी खाली आला. तिथे गरिबी संपली नव्हती, सासू-सुनांची भांडणं संपली नव्हती, परीक्षेत मुलं नापास होतच होती. हाताशी येणारी वस्तू तेवढी बदलली. आणि भातशेती बुडाली नाही. वेगवेगळ्या देशांतले पाठपुरावे असंही सांगतात की एका प्रयत्नातून वाचलेल्यांपैकी दहातले नऊ पुढे आत्महत्येने मरत नाहीत.

मी सॉफ्टवेअर लिहितो. साधा फोटो डिलीट करताना फोन विचारतो, नक्की ना? मग तो फोटो 30 दिवस कचरापेटीत ठेवतो, न जाणो मन बदललं तर. हे आम्ही दयाळूपणाने करत नाही. माणूस घाईत, रागात, झोपेत बटण दाबतो हे आम्हाला माहीत असतं, म्हणून करतो. परत न फिरवता येणारी क्रिया एका स्पर्शावर ठेवली तर आमचा सीनियर कोड परत पाठवतो. आणि इथे आख्खा माणूस पणाला लागलेला असताना ट्यूबवर बारीक अक्षरात ‘मुलांपासून दूर ठेवा’ लिहून सगळे मोकळे. त्यातही ट्यूब दिसते टूथपेस्टसारखी. चुकून तिने दात घासल्याच्या घटनाही नोंदल्या गेल्या आहेत.

पिवळा फॉस्फरस म्हणजे पांढराच फॉस्फरस, उजेडाने पिवळा पडलेला. काडेपेटीच्या कारखान्यांत कामगारांचे जबडे त्याने सडायचे, म्हणून पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर बंदी घालणारा कायदा भारतात 1913 साली झाला. इंग्रजांच्या राज्यात. शंभरहून जास्त वर्षांपूर्वी जे काडीच्या टोकावर नको होतं, ते उंदराच्या नावाने स्वयंपाकघरात आलं.

तामिळनाडूने काही वर्षांपूर्वी या पेस्टवर बंदी घातली. महाराष्ट्रानेही घालावी, आणि नुसती कागदावर नको. दुकानाच्या फळीवरून ट्यूब गेली तरी ॲपवर उद्या सकाळपर्यंत घरपोच मिळत असेल, तर त्या बंदीला अर्थ नाही. एखादी वस्तू ठरावीक पिनकोडवर न दाखवणं ही तांत्रिक अडचण आहे असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. ते दुपारच्या जेवणाआधी उरकणारं काम आहे.

‘मग उंदरांचं काय?’ प्रश्न खरा आहे. प्लेग पाहिलेलं पुणं आणि दर पावसाळ्यात लेप्टोला घाबरणारी मुंबई उंदरांकडे दुर्लक्ष करू शकत नाही. पण मुंबई महापालिकेकडे रात्रपाळीला बॅटरी आणि काठी घेऊन उंदीर मारणारी माणसं नोकरीला आहेत. घरात पिंजरा आहे, उतारा असलेल्या वड्या आहेत, बिळं बुजवायला सिमेंट आहे, आणि कचरा वेळेवर उचलणं हा जुना, कंटाळवाणा, खात्रीचा उपाय आहे. पेस्टशिवाय अडेल असं घर मला कुणी दाखवावं.

हे वाचताना तुमच्याच मनात तसं काही घोळत असेल तर 14416 वर फोन करा. टेली-मानसची ही सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. आणि कुणाच्या पोटात काही गेलं असेल तर आधी 108.