प्रीमियरचा वारसा

सोलापुरात 1882 साली जन्मलेले आणि रेल्वेच्या ठेकेदारीपासून जहाज व विमानांपर्यंत मजल मारणारे वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स स्थापन केली, त्या काळी मोटार बनविण्याचे मनसुबे रचणाऱ्या देशी माणसाकडे सरकार-दरबारी संशयानेच पाहिले जाई. कुर्ल्याच्या त्या कारखान्याच्या जागी आज टोलेजंग इमारती उभ्या आहेत. प्रीमियर रोड हे नाव तेवढे शिल्लक. वालचंद 1953 साली निवर्तले. पुढे परवान्यांच्या राज्यात फारशी स्पर्धाच न उरल्याने प्रीमियरची तीच पद्मिनी मोटार वर्षानुवर्षे जवळपास त्याच रूपात निघत राहिली, हा दोष त्यांच्या पदरी घालणे मात्र अन्यायाचे होईल.

माझ्या मते त्यांचा खरा वारसा दस्तऐवजांत नसून कुर्ल्यापासून घाटकोपर-मुलुंडपर्यंतच्या छोट्या गॅरेजांत आहे. कार्बोरेटरचे जेट उजेडाकडे धरून फुंकर मारणारा, पॉइंट पॉलिश पेपरने घासून इंजिनाचा आवाज कान देऊन ऐकणारा, आणि उधारीची वही मात्र कमालीच्या विस्मरणशीलतेने सांभाळणारा मिस्त्री हा त्या उद्योगाचा बिनसनदी वारसदार होय. ऑक्टोबर 2023 मध्ये मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमची निघाली, तेव्हा छायाचित्रे गाडीची छापली गेली. ती चालती ठेवणाऱ्या या हातांची नोंद महापालिकेने एखाद्या संग्रहालयात तरी करावयास हवी होती. अजून वेळ गेलेली नाही, कारण त्यांतले काही मिस्त्री आजही सकाळी शटर वर करतात.