भीमगीताच्या मागे 'भजन' कोणी लावलं?

धाडच्या विहारात एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात जयंतीच्या कार्यक्रमाची तालीम चालू होती. दहा-बारा बायका, दोन शाळकरी मुली आणि कीबोर्डवर बारावीतला एक मुलगा. गाणं चवदार तळ्याचं होतं. कडवं संपलं, मुलाने बटण दाबलं, ठेका बदलला. त्याच्या शेजारी बसलेल्या मुलीने कीबोर्डच्या पडद्यावरची इंग्रजी अक्षरं मोठ्याने वाचली, "भजन". तिची आजी गाणं थांबवून म्हणाली, "भजन? आपलं गानं भजन हाये का रे?"

मुलगा ओशाळला. त्याची चूक नव्हती. ढोलकीच्या जवळचा ठेका शोधता शोधता त्याला जो सापडला तो त्याने लावला, आणि त्याचं नाव कारखान्यातच ठरलं होतं. पण आजीचा प्रश्न आमच्या डोक्यातून गेला नाही. आम्ही गाण्यातला एकेक शब्द तपासतो. देवाचं नाव येऊ नये, नवस येऊ नये, चमत्कार येऊ नये याची काळजी घेतो. पण त्या शब्दांखाली जे वाजतं ते कोणी तयार केलं, कोणासाठी केलं, याचा विचार आमच्यापैकी कितीजणांनी केला?

ज्यांना हे यंत्र माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. गायन पार्टीत जो मोठा कीबोर्ड असतो त्याला अरेंजर म्हणतात. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ठेका, बेस, गिटार, व्हायोलिनचा थर असं सगळं आपोआप मागे वाजू लागतं. उजवा हात चाल वाजवायला मोकळा राहतो. मागे वाजणाऱ्या या तयार साथीला स्टाईल म्हणतात. यामाहाच्या स्टाईलमध्ये आठ वाटा असतात : दोन तालाच्या, एक बेसची, दोन कॉर्डच्या, एक पॅडची आणि दोन फ्रेजच्या. सुरुवात, मुख्य भाग, मधला रोल आणि शेवट असे तिचे तुकडेही वेगवेगळे असतात. म्हणजे एकट्या पोराच्या बोटाखाली सात-आठ वादकांची पार्टी असते.

आता या पार्टीत कोण बसलंय ते बघा. यामाहाच्या कीबोर्डांवर भारतीय म्हणून जे ठेके वर्षानुवर्षं येतात त्यांत भजन आहे, दांडिया आहे, भांगडा आहे, कव्वाली आहे. केरळ, तमिळ, राजस्थान आहे, गोव्याचं पॉपसुद्धा आहे. भारतासाठी वेगळी 'आय' मालिका निघाली, तिच्यात तबला-तानपुऱ्यावर रियाज करायची सोय आली. अरबी संगीताला पाव सूर लागतात, म्हणून त्या बाजारासाठी याच कंपनीने 'ए' मालिका काढली, ए२०००, ए३०००, ए५०००. कॉर्गनेही पीए मालिकेच्या ओरिएंटल आवृत्त्या काढल्या. कंपनीला धर्म नसतो, गिऱ्हाईक असतं. दर जयंतीला, दर धम्मचक्र प्रवर्तनदिनाला गावोगाव हे कीबोर्ड वाजतात, तरी गिऱ्हाईक म्हणून आमची मागणी काय, हे आम्ही कधी सांगितलंच नाही. आम्ही 'भजन' लावून काम भागवलं.

यावर आमच्यातलेच काही जाणते म्हणतात की कीबोर्डच टाकून द्या, तो परका आहे, ढोलकी-तुणतुणं हेच आपलं. हे आम्हाला पटत नाही. पेटी तरी कुठे आपली होती? हार्मोनियमचं पेटंट देबें नावाच्या फ्रेंच माणसाने १८४२ साली पॅरिसमध्ये घेतलं. ती इथे आली, जमिनीवर बसून वाजवता येईल अशी झाली आणि गोरगरिबांच्या गाण्यात रुळली. तिच्या बाराच सुरांत भारतीय संगीत बसत नाही, असा आक्षेप घेऊन आकाशवाणीने १ मार्च १९४० पासून तिच्यावर बंदी घातली. ती उठायला, तीही अटींसह, १९७१ साल उजाडलं. त्या तीस वर्षांत जलसे पेटीवर चालतच होते. शुद्धतेची भाषा कोणाची असते आणि ती शेवटी कोणाला दाराबाहेर ठेवते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको.

आणि साचा घेऊन तो बदलणं ही तर आमची परंपराच आहे. सत्यशोधक जलशांनी तमाशाचा साचा घेतला. पुढे भीमराव कर्डकांसारख्या जलसाकारांनी तोच साचा बाबासाहेबांच्या चळवळीसाठी वापरला. ढोलकी ठेवली, तुणतुणं ठेवलं, वगाची रंगत ठेवली. गणातलं देवस्तवन गेलं, गवळणींची छेडछाड गेली. लोकांच्या कानाला ओळखीचं ते राहिलं आणि मनाला गुलाम करणारं ते गेलं. कीबोर्डवरची स्टाईल बदलायला बसलेला बारावीचा मुलगा याहून वेगळं काय करतो?

तो मुलगा खरोखरच बसला. कीबोर्ड वापरलेला, वर्गणीतून घेतलेला, पण त्यात स्टाईल क्रिएटर नावाची सोय आहे. (स्वस्त मॉडेलांवर ती बहुधा नसते. तिथे दुसऱ्याने बनवलेली फाइल पेनड्राइव्हने भरता येते.) त्याने आधी 'भजन'च्या दोन्ही तालवाटा पुसल्या आणि बेस तेवढा ठेवला. मग कॉर्डची अडचण आली. आमच्या बऱ्याच चाली मेजर-मायनरच्या हिशेबाने बांधलेल्याच नाहीत. मागून गिटार मेजर कॉर्ड वाजवते, बाई कोमल गंधार लावते आणि ऐकणाऱ्याला वाटतं बाईच बेसूर आहे. बेसूर यंत्र असतं, शिव्या बाईला पडतात! मुलाने उपाय काढला. तिन्ही सुरांऐवजी फक्त सा आणि प धरला की यामाहा ती एक-पाचची कॉर्ड ओळखतो, ती मेजरही नाही आणि मायनरही नाही. गंधार गाणाऱ्याच्या गळ्यावर सोडला.

तुणतुण्यासाठी त्याने पॅडची वाट घेतली. तिथला सूर कॉर्डबरोबर सरकू नये म्हणून त्या वाटेच्या नियमात मूळ स्वर 'फिक्स' केला आणि सूर बदलणारा तक्ता 'बायपास' केला. आता कॉर्ड कोणतीही धरा, तुणतुणं सा सोडत नाही. बाईची पट्टी काळी दोन असो की पांढरी पाच, ट्रान्सपोजच्या बटणाने सगळंच वर-खाली नेता येतं.

ढोलकी मात्र यंत्रात सापडेना. ढोलक होता, तबला होता. डाव्या तोंडावर तळहात घासून निघणारा आपल्या ढोलकीचा घुमारा त्यांत नव्हता. तेव्हा शेजारच्या गावातून एका काकांना बोलावलं. तरुणपणी पार्टीबरोबर विदर्भ-मराठवाडा फिरलेला माणूस. आता सोयाबीन सोंगायला जातो, कारण पार्ट्यांना ढोलकीवाला लागत नाही, कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडवर भागतं. विहाराचं दार लावून मोबाइलवर त्यांचा एकेक ठोका घेतला. मुलाने संगणकावर ते कापले, त्यांचा एक संच करून कीबोर्डमध्ये भरला आणि केरव्याच्या आठ मात्रा बोटांनी वाजवून रेकॉर्ड केल्या.

मग त्याने क्वांटाइज केलं. म्हणजे पुढे-मागे पडलेला प्रत्येक ठोका यंत्राने ओढून सरळ रेषेत बसवला. काकांनी ऐकलं आणि म्हणाले, "पोरा, हे सरकारी शाळंतल्या कवायतीवानी झालं." पाचव्या मात्रेचा ठोका ते केसभर उशिरा टाकत होते, आणि गाण्याला पुढे ढकलणारा झोल तिथेच होता. यंत्राने तो चूक समजून दुरुस्त केला होता. मुलाने सरळ केलेलं सगळं रद्द केलं आणि काकांना स्वतःलाच कीबोर्डच्या पट्ट्यांवर ठोके वाजवायला लावलं. तास-दीड तास लागला, पण झोल परत आला.

आता आमची लाज सांगतो. त्या संध्याकाळी आम्ही काकांना चहा पाजला, जयभीम केला आणि त्यांना रस्त्यावर सोडून आलो. पैशाचा विषय कोणी काढला नाही. मंडपवाल्याला पैसे, साऊंडवाल्याला पैसे, फ्लेक्सला पैसे. ज्याचा हात आम्ही यंत्रात कायमचा भरून घेतला, ज्याला त्या फाइलमुळे उद्याही कोणी बोलावणार नाही, त्याला चहा. दुसऱ्या दिवशी हा प्रश्न उचलला तो बायकांनी. "फुकट राबवून घेणं गावकीत होतं. आपल्यात कधीपासून आलं?" कोणाकडेच उत्तर नव्हतं. वर्गणीतून त्यांचं मानधन काढलं, आणि जयंतीला काका स्वतः ढोलकी घेऊन बसतील असं ठरलं. यंत्र त्यांच्या जागी नाही, त्यांच्या सोबत वाजेल.

हलगीवरून मात्र खरा वाद झाला. मुलाला स्टाईलच्या दुसऱ्या तालवाटेत हलगी हवी होती. एक ज्येष्ठ कार्यकर्ते उठून उभे राहिले. हलगी वाजवणं ही आपल्या बापजाद्यांवर लादलेली गावकी होती. लग्नात पुढे वाजवायची आणि जेवायला मागे बसायचं. बाबासाहेबांनी १९२७ साली महाडला मेलेली ढोरं ओढणं सोडा म्हणून सांगितलं, त्याच ओघात गावोगाव हलगीही टाकली गेली. ती पुन्हा विहारात कशाला आणता? मुलगा म्हणाला, तामिळनाडूत 'द कास्टलेस कलेक्टिव्ह'ची पोरं परई वाजवतात, तीही अशीच लादलेली होती, आणि आज ती मंचावर जातीविरुद्ध वाजते.

दोघांचंही खरं आहे. आम्हाला वाटतं, वाद्यावर कलंक नाही, सक्तीवर आहे. स्वतःच्या मर्जीने वाजवली, तर तीच हलगी वेगळं बोलते. पण ज्याने ती सक्ती डोळ्यांनी पाहिली त्याला पटवायला मतदान घेऊ नये. म्हणून हलगीची वाट सध्या रिकामी ठेवली आहे. आठव्या वाटेपर्यंत जागा आहे, घाई नाही.

आणखी एक मुद्दा. बाजारात असल्या स्टाईल पेनड्राइव्हवर विकल्या जातात, कुलूप घालून. कोणाचा हात वाजतोय, कुठल्या गावचा, काही पत्ता नसतो. आमचं म्हणणं आहे की आंबेडकरी कलावंतांनी आपल्या स्टाईल आपसात मोकळ्या वाटाव्यात, पण ढोलकी ज्याची त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव, त्याची संमती घेऊन, फाइलच्या नावातच टाकावं. त्याचं मानधन आधी द्यावं, वाटावाटी नंतर. धाडची फाइल कोणाला हवी असेल तर पेनड्राइव्ह घेऊन या. 'भजन' पुसून तिथे काय लिहायचं यावर बायकांनी दोन दिवस घेतले. 'जलसा' ठरलं.

फाइल अजून पुरी नाही. मुख्य भागाचे दोन तुकडे आणि एक रोल तयार आहे, शेवट बनलेला नाही. तोवर गाणं संपलं की मुलगा थांबायचं बटण दाबतो आणि शेवटची तिहाई काका ढोलकीवर हातानेच वाजवतात.

जयभीम.