समझोता झाला, पण तिची झोप परत आली का?

नवरा-बायकोचं प्रकरण विकोपाला गेलं की सातारा-सांगलीकडं ठरलेली वाट असते. आधी घरातल्या मोठ्यांची बैठक, मग जमातीतले चार जण, क्वचित पोलीस ठाणं. 'पुन्हा हात उचलणार नाही,' असं नवरा कबूल करतो. मुलगी नांदायला जाते, नाहीतर कायमची माहेरी येते. प्रकरण मिटलं, असं सगळे धरून चालतात.

तिच्यापुरतं ते मिटलेलं नसतं. दारात मोटारसायकल थांबली तरी छातीत धडधडतं. कुणी आवाज चढवला की मारहाणीचा प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. रात्री दचकून जाग येते. घरचे म्हणतात, 'सबर कर', नाहीतर 'बाहेरचं काही असेल'. अशी लक्षणं महिन्याहून जास्त टिकली, तर तो आघातानंतरचा मानसिक आजार, म्हणजे पीटीएसडी, असू शकतो. युद्धावरून परतलेल्या सैनिकांमध्ये दिसतो, तोच हा आजार.

राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात लग्न झालेल्या साधारण चारपैकी एका स्त्रीनं नवऱ्याची हिंसा सोसली आहे. देशभरात हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी मदत मागणाऱ्या फक्त १४ टक्के.

२००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा सर्व धर्मांच्या स्त्रियांना लागू आहे. तो मानसिक छळालाही हिंसाच मानतो. संरक्षण आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, इतकंच काय, उपचाराचा खर्चही त्याखाली मागता येतो. पण आपल्या बैठका मेहर, दागिने आणि मुलांच्या ताब्यावर संपतात. उपचाराचा विषय निघतच नाही. तो निघाला पाहिजे.

मारहाण चालू असताना मनाचा उपचार टिकत नाही, म्हणून पहिली अट तिच्या सुरक्षिततेची. त्यानंतर समुपदेशन आणि गरजेप्रमाणे औषधं यांनी हा आजार आटोक्यात येतो. साताऱ्यात परिवर्तन संस्था मानसिक आरोग्यावर काम करते, सांगलीत संग्राम संस्था हिंसा सोसणाऱ्या स्त्रियांच्या पाठीशी उभी राहते. टेलिमानसचा १४४१६ आणि महिला हेल्पलाइनचा १८१ हे नंबर मोफत आहेत. दुआ जरूर करावी, पण डॉक्टरकडे जाणं थांबवू नये.

पुढच्या बैठकीत तिला कुणीतरी एवढं विचारा: बेटी, रात्री झोप लागते का?