रक्त पिणारी बाई नसते, आजार असतो

अमावस्या आली की आपल्या ग्रुपांवर हडळ, डाकीण, रक्तपिशाच यांचे व्हिडिओ सुरू होतात. करमणूक म्हणून ठीक आहे हो. पण आपल्या सातपुड्यात 'डाकीण' हा शब्द करमणुकीचा नाही. डाकीण रक्त शोषते, काळीज खाते असं मानतात, आणि तो शिक्का एकदा बाईवर बसला की मारहाण, गाव सोडणं, कधी थेट खून.

यावर शहरातले शहाणे लगेच म्हणतात, "आदिवासी अडाणीच राहणार."

थांबा. 1892 साली अमेरिकेत, ऱ्होड आयलंड राज्यात मर्सी ब्राऊन नावाची 19 वर्षांची मुलगी क्षयाने गेली. आई आणि बहीण आधीच क्षयाने गेलेल्या, भाऊही खंगत चाललेला. गावाने ठरवलं, मेलेल्यांपैकीच कोणीतरी त्याला शोषतंय. मर्सीचं प्रेत उकरलं, काळीज जाळलं, राख भावाला पाजली. दोन महिन्यांत तोही गेला. क्षयाचा जंतू कॉखने त्याच्या 10 वर्षं आधीच, 1882 ला शोधला होता! म्हणजे अडाणीपणा जातीचा नसतो. औषध पोचत नाही तिथे पिशाच पोचतं.

तिकडे तर निदान प्रेतं उकरायचे. इकडे जिवंत बाई धरतात. तीही बहुतेक कोण? विधवा, एकटी, जिच्या नावावर थोडी जमीन आहे अशी.

आता आपलं बघा. सातपुड्यात सिकलसेल आहे. पोर पांढरंफटक पडतं, सांधे दुखून रात्रभर रडतं. आईला वाटतं कोणीतरी रक्त पितंय. तिला दोष देऊ नका. रक्त खरंच कमी होतंय, फक्त चोर वेगळा आहे. तो रक्ततपासणीत सापडतो, भगताकडे नाही.

कायदाही आहे. 2013 चा जादूटोणाविरोधी कायदा. डॉ. दाभोलकरांचा खून झाल्यावर सरकारला जाग आली तो. एखाद्या व्यक्तीवर करणी करते, रोगराई पसरवते असा आळ घेणं हासुद्धा गुन्हा आहे. शिक्षा 6 महिने ते 7 वर्षं, गुन्हा अजामीनपात्र. त्यासाठी दक्षता अधिकारी असतो. तुमच्या ठाण्यात तो कोण, हे किती जणांना माहीत आहे?

माझ्या पत्रकार भावांनाही सांगणं आहे. 'जादूटोण्याच्या संशयावरून' एवढंच छापून मोकळं होऊ नका. जमिनीचा वाद होता का, आजारी माणसाला डॉक्टर मिळाला होता का, तेही विचारा.

आणि वाचणाऱ्यांनो, गावात कोणी बोट दाखवून "ती डाकीण आहे" म्हणालं, तर गप्प बसू नका. 112 ला फोन करा. पोराला दवाखान्यात न्या. व्हिडिओ नंतर फॉरवर्ड करा.