दुसरा घास

जपानी लोक चॉकलेटात वासाबी घालतात, या एका गोष्टीवर आपल्याकडे जेवढे हसून झाले आहे तेवढे हसू चांगल्या फार्सालाही लाभत नाही. मुलगा, जावई किंवा भाची टोकियोहून येते, बॅगेतून हिरव्या, जांभळ्या, गुलाबी वेष्टनांची रास निघते, घरातली माणसे कोंडाळे करून बसतात आणि खेळ सुरू होतो. एकेकाने एकेक तुकडा तोंडात टाकायचा, डोळे मिटायचे, नाक मुरडायचे, कुणीतरी त्याचे मोबाइलवर चित्रण करायचे आणि उरलेला पुडा कामवाल्या बाईंच्या हाती ‘मुलांना न्या’ म्हणून द्यायचा. याला हल्ली ‘चव घेणे’ म्हणतात. मी मास्तर आहे. शब्दाचा असा गैरवापर कानी आला की माझा हात आपोआप खडूकडे जातो.

मेथीचा लाडू पहिल्याच घासाला आवडला, असा माणूस माझ्या पाहण्यात नाही. कारल्याची भाजी, सुक्या बोंबलाचा वास, हिंगाचे ताक, कडू वालाची उसळ, यांतले काहीही पहिल्या भेटीत कुणी पसंत केलेले नाही. आईने दटावले, आजीने वर तुपाचा गोळा ठेवला, थंडी पडली, आणि पाचव्या-सहाव्या वर्षी कधीतरी मेथीच्या कडूपणाखाली दडलेला गोडवा जिभेला सापडला. पुढे हीच जीभ मेथीच्या लाडवासाठी थंडीची वाट पाहू लागली. पहिला घास ही नुसती ओळख असते. चव म्हणून जी काही वस्तू आहे ती दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या घासाला भेटते. एका तुकड्यावर निकाल देणारा माणूस आणि उत्तरपत्रिकेचे पहिले पान पाहून गुण देणारा परीक्षक, दोघांची लायकी मला सारखीच वाटते.

शिवाय हसावे कुणी? वासाबी हे शिझुओकासारख्या डोंगराळ मुलखातल्या थंड, वाहत्या पाण्यात वाढणारे झाड. त्याचे खोड किसले की जो तिखटपणा सुटतो तो मिरचीसारखा जिभेवर ठाण मांडून बसत नाही. सरळ नाकात चढतो आणि क्षणात ओसरतो. मोहरी नेमके हेच करते. मोहरी फेसून लोणचे घालणाऱ्या आणि ती नाकात चढली की ‘व्वा!’ म्हणणाऱ्या लोकांनी वासाबीला नाक मुरडावे, यात विनोद आहे खरा, पण तो जपान्यांवर नाही. अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे गोड सारण जपानी माणूस मिठाईत भरतो, तर आमची मंडळी म्हणतात, ‘शी! मिठाईत कडधान्य?’ आणि होळीला हीच मंडळी हरभऱ्याच्या डाळीचे पुरण पाट्यावर नाहीतर पुरणयंत्रातून काढतात! सोया सॉसचे चॉकलेट ऐकून पोट धरून हसणाऱ्यांना मितराशी दांगो ठाऊक नसतात. तांदळाच्या पिठाचे ते गोळे काडीला टोचून, भाजून, त्यावर सोया सॉस आणि साखरेचा दाट पाक ओततात. खारट-गोडाची ही जोडी तिथे जुनी आहे. पंचामृतात गूळ, चिंच आणि मिरची एकत्र शिजवणाऱ्याला ती कळायला हरकत नव्हती.

तेव्हा विचित्र चव म्हणून काही नसते. अपरिचित चव असते. हे मी वर्गातही सांगतो आणि इथेही सांगतो.

पण हसणाऱ्यांचे कान उपटून झाले म्हणून वाद संपत नाही. खरा वाद आहे तो ह्या पुड्यांच्या निर्मात्यांशी. कारण त्यांनीच दुसऱ्या घासाची वाट बंद केली आहे.

जपानी पुड्यावर एक शब्द ठळक छापलेला असतो : ‘गेन्तेई’, म्हणजे मर्यादित. ‘कीकान गेन्तेई’ म्हणजे ठरावीक मुदतीपुरते. ‘चीइकी गेन्तेई’ म्हणजे ठरावीक प्रांतापुरते. किटकॅट जपानात आले 1973 साली आणि पुढे पंचवीस-सत्तावीस वर्षे आपल्या साध्या चवीवर सुखाने नांदले. त्याच्या नावाचा उच्चार ‘कित्तो कात्सु’ म्हणजे ‘नक्की जिंकशील’ या शब्दांच्या जवळ जातो, म्हणून परीक्षेला बसणाऱ्या मुलांना ते देण्याची पद्धत पडली. (आमच्याकडे दही-साखर देतात. तिला अद्याप कुणी वेष्टन घातलेले नाही, हे नशीब.) 2000 साली स्ट्रॉबेरीची चव निघाली आणि बांध फुटला. माच्चा चहा, भाजलेला होजिचा, रताळे, सोया सॉस, वासाबी, 2016 साली साके मद्य, 2017 साली चक्क खोकल्याच्या गोळीची चव! आजवर 300 हून अधिक चवी झाल्या. त्यांतल्या किती आज दुकानात मिळतात? मूठभर. बाकीच्या आल्या, चित्रित झाल्या आणि गेल्या.

पेप्सीने तर जपानात दरवर्षी एक नवल करायचे व्रतच घेतले होते. 2007 साली काकडीची पेप्सी आली. 2009 साली शिसो नावाच्या पानांची आणि त्याच वर्षी अझुकीची, 2010 साली बाओबाबची. काकडीच्या पेप्सीला जग हसले. मला मात्र उन्हाळ्याच्या दुपारी काकडीचे थंड पेय ही कल्पना मुळीच हास्यास्पद वाटत नाही. आपण कोशिंबिरीचे पाणी वाटीतून पितोच. तो उन्हाळा संपला आणि काकडी गेली. ज्या कुणाला ती तिसऱ्या बाटलीला आवडू लागली असेल त्याने चौथी कुठून आणायची? मनुष्याला एखादी गोष्ट आवडू लागली आहे, हे त्याला कळण्याच्या आत ती काढून घेणे, या व्यवहाराला माझ्या शब्दकोशात फारसा आदराचा शब्द नाही.

गारीगारी-कुन या बर्फाच्या कांडीची कथा यात सर्वांत बोलकी. आकागी न्यूग्यो या कंपनीची ही स्वस्त कांडी, 1981 पासूनची, शाळकरी पोरांची लाडकी. 2012 च्या सप्टेंबरात कंपनीने तिच्यात मक्याच्या सुपाची चव आणली. लोक असे तुटून पडले की माल पुरेना आणि थोड्याच दिवसांत विक्री तात्पुरती थांबवावी लागली. आता साधा विचार करा. घरात एखादा पदार्थ जमला, पोरांनी ताट चाटून पुसून ठेवले, तर गृहिणी काय करते? तो पुन्हा करते, थोडा सुधारते, चारदा करून हात बसवते. कंपनीने काय केले? पुढच्या नवलाच्या मागे लागली. 2014 साली ‘नापोलितान’ची कांडी काढली, टोमॅटो केचपमध्ये परतलेल्या जपानी पद्धतीच्या स्पॅगेटीची चव, बर्फात! ती पडून राहिली. सुमारे 30 कोटी येनांचा फटका बसला. कंपनी पुढे ही फजिती मोकळेपणाने सांगत आली, आणि या फजितीचीही जाहिरातच झाली! चव फसली तरी बातमी, चव जमली तरी बातमी. चवीचे काय झाले, हा प्रश्न कुणाच्याच हिशोबात नाही.

इथे चतुर वाचक मला अडवतील. ‘मास्तर, ज्या दिवाळी अंकात तुम्ही हे लिहिता, त्याच्या शेजारी ताटात अनारसे आहेत. तेही वर्षातून एकदाच ना? मग दिवाळीचा फराळ हा मर्यादित आवृत्तीच नव्हे का?’

प्रश्न चांगला आहे. अनारशासाठी तांदूळ तीन दिवस भिजतात, रोज पाणी बदलावे लागते, पीठ गुळात मुरते, खसखशीवर थापून तळताना निम्मे हसतात. हा खटाटोप रोज होण्यासारखा नाही, म्हणून तो वर्षातून एकदा. पण तो येतो. गेल्या वर्षी आला, यंदा आला, पुढच्या वर्षी येणार, आणि म्हणूनच ‘यंदा वहिनींचे अनारसे हसले नाहीत हो!’ असे म्हणता येते. त्याला मागची आठवण आणि पुढची आशा आहे. जपानातही हे आहे, आणि आमच्यापेक्षा नाजूक आहे. ‘शुन’ म्हणजे पदार्थाचा ऐन हंगाम, ही तिथल्या स्वयंपाकाची पहिली अट. वसंतात चेरीच्या खारवलेल्या पानात गुंडाळलेली साकुरा-मोची येते. ती संपते तेव्हा पुढच्या वसंताचा वायदा करून संपते. हंगामाचे पहिले फळ वा मासा खाल्ला तर आयुष्य 75 दिवसांनी वाढते, असा तिथे समज आहे. या पहिलेपणाचे वेड एदो काळात इतके वाढले होते की अमुक माल अमुक दिवसापूर्वी विकू नये, असे हुकूम सरकारला काढावे लागले. म्हणजे नवलाईचा सोस कंपन्यांनी जन्माला घातला, असा माझा आरोप नाही. त्या सोसाच्या पाठीशी पूर्वी झाड होते, समुद्र होता, पाऊस होता. आता दुकानाची फळी आहे. ऋतू जातो तो परतण्यासाठी. मुदत संपते ती संपतेच.

या फळीचीही हकिकत ऐकण्याजोगी आहे. 1974 साली टोकियोच्या तोयोसू भागात तिथले पहिले सेव्हन-इलेव्हन उघडले. आज अशी छोटी दुकाने जपानात पन्नास हजारांवर आहेत. जागा लहान, माल अफाट, आणि कुठला पुडा किती वाजता विकला गेला याची नोंद यंत्रात क्षणात उमटते. चार-दोन आठवड्यांत जो पुडा हलला नाही, त्याची गच्छंती होते. कंपन्यांचे कैवारी म्हणतात की मर्यादित आवृत्ती ही परीक्षा आहे. पास झालेली चव कायम होते. माच्चाची झाली, हे मी मान्य करतो. पण चार आठवड्यांच्या परीक्षेत कोण पास होतो? जो पहिल्याच घासाला गोड लागतो तो. मेथीचा लाडू या फळीवर ठेवला असता तर महिन्याच्या आत हद्दपार झाला असता. आणि जे खरोखर टिकले त्यांचा इतिहास पाहा. काल्बी कंपनीची ‘काप्पा एबिसेन’, कोळंबी घातलेली खारी कुरकुरीत कांडी, 1964 साली निघाली. बिस्किटाच्या जातीच्या वस्तूत कोळंबी! आज तिला कुणी हसत नाही, कारण ती साठ वर्षे जागची हलली नाही.

मालाच्या नासाडीबद्दल थोडक्यात सांगतो. पुड्याच्या टिकण्याच्या मुदतीपैकी पहिल्या तिसऱ्या हिश्श्यात तो दुकानात पोचलाच पाहिजे, असा तिथल्या व्यापारात रिवाज आहे. उशीर झाला की चांगला मालही परत. अन्नाची नासाडी रोखण्यासाठी 2019 साली तिथे खास कायदा करावा लागला. ज्या वस्तूवर मुळातच हंगामाची तारीख चिकटवलेली आहे, तिला हा रिवाज अधिकच जाचतो, हे सांगायला अर्थशास्त्री नको.

प्रांतांच्या नावाने निघणाऱ्या चवींविषयी मात्र मला अधिक राग आहे आणि अधिक आदरही. जपानात प्रवासाहून परतताना कचेरीतल्या सोबत्यांसाठी त्या गावचा खाऊ आणण्याची रीत आहे. त्याला ‘ओमियागे’ म्हणतात. आपण लोणावळ्याहून चिक्की आणतो तसेच, फक्त तिथे ते जवळजवळ कर्तव्य. या रीतीवर प्रांतोप्रांतीच्या चवी उभ्या राहिल्या. होक्काइदोतल्या युबारी गावचे खरबूज घ्या. त्या नावाची लांबलचक पोकीची कांडी विमानतळावर मिळते. युबारी हे कोळशाच्या खाणींचे गाव. 1960 च्या सुमारास तिथे 1 लाख 16 हजार वस्ती होती. 1990 साली शेवटची खाण बंद झाली, 2007 साली नगरपालिकेचे दिवाळे वाजले, आणि 2020 च्या जनगणनेत साडेसात हजारही माणसे उरली नव्हती. त्याच गावच्या खरबुजांची एक जोडी 2019 च्या पहिल्या लिलावात 50 लाख येनांना गेली. ओस पडत चाललेल्या गावातले म्हातारे शेतकरी ते फळ अजून पिकवतात. कांडी खाऊन ‘हं, खरबूज आहे’ म्हणणाऱ्याला हे कुठून कळणार? वेष्टनावर खरबुजाच्या चित्राशेजारी चार ओळींची जागा निश्चित आहे. गावाचे नाव घ्यायचे तर गावाची हकिकतही सांगा, ही काही मोठी मागणी नव्हे.

‘लोकांनाच रोज नवे हवे असते,’ हे निर्मात्यांचे शेवटचे अस्त्र. लोकांना काय हवे असते याचा एक पुरावा ‘उमाइबो’ या मक्याच्या नळीने दिला आहे. 1979 साली ती 10 येनांना निघाली आणि 2022 पर्यंत, म्हणजे चाळीस वर्षांहून अधिक काळ, 10 येनांनाच मिळत राहिली. बाप जी नळी खाऊन शाळेत गेला, तीच त्याच्या मुलाने त्याच नाण्यात घेतली. ती 12 येनांची झाली तेव्हा जपानात हळहळ झाली. दुसरा पुरावा बटाट्याचा. 2016 च्या वादळांनी होक्काइदोचे बटाट्याचे पीक झोडपले आणि 2017 च्या वसंतात काल्बीला काही काप बाजारातून थांबवावे लागले. तेव्हा लोक दुप्पट-चौपट पैसे मोजून काय शोधत होते? कुठली नवलाची चव नव्हे. आपला नेहमीचा, ओळखीचा ‘पिझ्झा पोटॅटो’.

आणि गारीगारी-कुनच्या त्याच कंपनीने 2016 साली पंचवीस वर्षांनी कांडीची किंमत 60 वरून 70 येन केली, तेव्हा कंपनीची मंडळी, थेट वरिष्ठांपासून, कारखान्यासमोर रांगेत उभी राहिली आणि दूरचित्रवाणीवर सर्व देशापुढे कमरेत वाकून त्यांनी क्षमा मागितली. दहा येनांसाठी! मक्याच्या सुपाची कांडी फळीवरून काढून घेताना कुणी एवढी मान लववल्याचे मात्र मी ऐकलेले नाही.