बागेला पैसा आहे, माळ्याला नाही

चंद्रपुरात बागेचा विषय काढला की एक उत्तर हमखास ऐकू येते : ताडोबा दारात असताना बाग हवी कशाला? गडचिरोलीत हेच उत्तर अधिक ठसक्यात मिळते, कारण त्या जिल्ह्याचा दोन तृतीयांशांहून अधिक भाग जंगलाखाली आहे. उत्तर ऐकायला बरे आहे. पण बाबूपेठेतल्या म्हाताऱ्याला संध्याकाळी पाय मोकळे करायला ताडोबा उपयोगी पडत नाही. तिथे जायला जिप्सी लागते आणि प्रवेशशुल्कही.

हे गाव तापते कसे, ते इथल्या माणसाला सांगायला नको. मे महिन्यात पारा ४७ अंशांवर गेलेला त्याने पाहिला आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ मध्ये देशातील औद्योगिक पट्ट्यांची क्रमवारी लावली, तेव्हा चंद्रपूर ८३.८८ गुणांसह चौथे आले. पुढे फक्त अंकलेश्वर, वापी आणि गाझियाबाद. (गुणवत्ता यादीत झळकण्याची ही रीत काही अभिमानाची नव्हे!) अशा गावात सावली ही चैनीची वस्तू राहत नाही.

कायद्याच्या लेखी मात्र ती तशीच आहे. चंद्रपूरची नगरपालिका २०११ मध्ये महानगरपालिका झाली आणि तिला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम लागू झाला. या अधिनियमात पाणीपुरवठा, गटारे, दिवाबत्ती ही बंधनकारक कर्तव्ये आहेत. उद्याने व क्रीडांगणे ऐच्छिक कामांत बसवलेली आहेत. राज्यघटनेच्या ७४ व्या दुरुस्तीने बाराव्या अनुसूचीत बागबगीचे हा नगरसंस्थांचा विषय म्हणून नोंदवला, पण त्यासोबत पैसा धाडला नाही. आयुक्त अंदाजपत्रक मांडतात, ते स्थायी समितीपुढे जाते, मग सर्वसाधारण सभेपुढे. पगार, निवृत्तिवेतन, वीजबिल आणि पाणी भागवून जे उरेल त्यात बाग आली. उरते किती, हे करदात्याने ओळखावे.

म्हणून बागेसाठी पैसा बाहेरून यावा लागतो, आणि बाहेरचा पैसा स्वतःचा अग्रक्रम बरोबर घेऊन येतो. २०१५ साली सुरू झालेल्या केंद्राच्या अमृत योजनेत हिरव्या जागांसाठी अडीच टक्क्यांची तरतूद होती. बाकी सारे पाणी आणि मलनिस्सारणाकडे. वन खात्याच्या निधीतून बल्लारपूर मार्गावर विसापूरला भव्य वनस्पती उद्यान उभे राहिले. अर्थ आणि वन ही दोन्ही खाती २०१४ ते २०१९ या काळात सुधीर मुनगंटीवार यांच्याकडे होती आणि ते याच जिल्ह्याचे. आपल्या भागासाठी कोणी निधी खेचून आणला तर त्यात वावगे काही नाही. मात्र मोठे उद्यान कुठे होते हे खाते कोणाकडे आहे यावर ठरते. सावली कुठे कमी आहे, यावर नाही.

तिसरा झरा खनिजाचा. २०१५ च्या कायदेदुरुस्तीने जिल्हा खनिज प्रतिष्ठाने आली. जुन्या खाणपट्ट्यांच्या स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि नव्यांच्या १० टक्के इतकी रक्कम त्यांत भरावी लागते. कोळशाच्या या जिल्ह्यात ही रक्कम लहान नाही. पर्यावरण आणि प्रदूषण नियंत्रण हे तिच्या अग्रक्रमाच्या विषयांतच आहे. धुळीची वस्ती कोणती आणि तिच्या चालण्याच्या टप्प्यात एखादी बाग आहे की नाही, एवढे दोन नकाशे एकमेकांवर ठेवले तरी पहिला क्रम कोणाचा ते दिसेल. ही काही अवघड विद्या नव्हे.

या तिन्ही झऱ्यांचे पाणी बहुतेक बांधकामातच मुरते. कुंपण, कमान, कारंजे, खेळणी आणि उद्घाटनाची कोनशिला. माळ्याचा पगार, पंपाचे बिल, उन्हाळ्यातला टँकर आणि मेलेल्या रोपाच्या जागी नवे रोप यांना कोनशिला बसत नाही. रोप लावण्याचा खर्च एकदाचा. ते जगवण्याचा तीन-चार उन्हाळ्यांचा. पाच वर्षांच्या देखभालीची तरतूद दाखवल्याशिवाय नव्या बागेला मंजुरीच देऊ नये, असा साधा ठराव सभागृहाला करता येईल. त्याने बागा कमी होतील, पण ज्या होतील त्या जगतील.

देखभालीअभावी माजलेले रान ही या जिल्ह्यात नुसती डोळ्यांना खटकणारी गोष्ट नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये वीज केंद्राच्या आवारात वाघाने एका कामगाराला मारले आणि पाठोपाठ दुर्गापुरात एक मुलगा बिबट्याच्या हल्ल्यात गेला. तेव्हा मोकळ्या आवारातल्या झुडपांचा प्रश्न ऐरणीवर आला. पुण्या-मुंबईत बाग पडीक झाली की डास होतात. इथे आईबाप अंधार पडायच्या आत मुलांना घरात ओढतात.

जागेचे घड्याळही थांबलेले नसते. विकास आराखड्यात बागेसाठी राखलेली खाजगी जमीन दहा वर्षांत ताब्यात घेतली नाही, तर १९६६ च्या नगररचना कायद्याच्या कलम १२७ प्रमाणे मालक नोटीस देऊ शकतो. त्यानंतरच्या २४ महिन्यांतही पालिकेने संपादनाचे पाऊल उचलले नाही, तर आरक्षण उठते. कमान पुढे कधीही बांधता येते. आरक्षण उठून इमारत झालेला भूखंड परत मिळत नाही. म्हणून पुढच्या अंदाजपत्रकात बागांच्या रकान्याखाली पहिली नोंद अशा मुदत सरत आलेल्या भूखंडांची हवी आणि दुसरी माळ्यांच्या पगाराची. कारंज्याचा नंबर त्यानंतर लागला तरी चालेल.