भाऊबीज ते पहिली मोळी : लहानग्यांच्या सुट्टीतला ताण

२०२५ मध्ये भाऊबीज २३ ऑक्टोबरला झाली आणि साखर कारखान्यांच्या गाळपासाठी १ नोव्हेंबर ही तारीख ठरली. मधल्या आठ-नऊ दिवसांत बारामती आणि इंदापूर तालुक्यांत दोन उलट्या दिशांची वर्दळ असते. पुण्या-पिंपरीहून आजोळी आलेली नातवंडे परतीच्या एसटीत बसत असतात. त्याच सुमारास बीड, अहिल्यानगरकडच्या ऊसतोड टोळ्या माळेगाव, सोमेश्वरनगर, भवानीनगर, बिजवडीच्या वाटेला लागतात. दोन्हीकडे तीन ते सात वर्षांची मुले असतात, आणि दोन्हीकडची मुले या दिवसांत किरकिरी होतात, रात्री दचकून उठतात, क्षुल्लक कारणावरून आदळआपट करतात.

‘सुट्टीने लाडावलाय’ हे घरातले ठरलेले निदान. ते बहुतेक वेळा चुकीचे असते. या वयाच्या मुलाला घड्याळ कळत नाही, त्याला क्रम कळतो. उठणे, दूध, शाळा, जेवण, झोप ही साखळी त्याचा आधार असते. सुट्टीत ती एकदम तुटते. घर बदलते, अंथरूण बदलते, जेवायला रात्रीचे दहा वाजतात, अनोळखी माणसे गाल ओढतात. भावना आवरण्याचे काम मेंदूच्या पुढच्या भागाकडे असते आणि त्याची वाढ विशीच्या मध्यापर्यंत चालू राहते. म्हणजे चार वर्षांच्या मुलाने ‘शहाण्यासारखे’ वागावे, ही अपेक्षाच अवाजवी आहे. तो स्वतःहून शांत होत नाही. शांत असलेल्या मोठ्या माणसाच्या जवळ राहून शांत होतो.

दोष बऱ्याचदा लाडू-करंज्यांवर जातो. गोड खाल्ले की मुले उधळतात, हा समज साखरपट्ट्यातही तितकाच पक्का आहे. १९९५ मध्ये ‘जामा’ या वैद्यकीय नियतकालिकात मार्क वोलराइच आणि सहकाऱ्यांनी तोवरच्या नियंत्रित प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा साखरेचा मुलांच्या वागण्यावर परिणाम दिसला नाही. दातांसाठी आणि वजनासाठी गोड बेतानेच द्यावे, पण चिडचिडीचे कारण शोधायचे तर आधी झोप पाहावी. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलाला दिवसभरात १० ते १३ तास झोप लागते. पाहुण्यांच्या घरात ती सातवर येते, वर गप्प बसावा म्हणून हातात मोबाइल. त्याच शिफारशीत या वयासाठी पडद्याची मर्यादा दिवसाला एक तास आहे.

फटाक्यांचा प्रश्न वेगळा. मूल कानावर हात ठेवून आईच्या पदराआड जाते आणि कुणी काका म्हणतो, ‘घाबरट कुठला! बघ, ताई कशी लावते.’ इथे दोन गोष्टी एकदम घडतात. भीती तशीच राहते आणि ती सांगायची नाही, हे मूल शिकते. त्याऐवजी ‘आवाजाची भीती वाटली ना? चल, आपण आत बसू’ एवढे पुरते. भावनेला नाव दिल्याने तिची धार कमी होते, याला मेंदूच्या चित्रणातूनही पुष्टी मिळाली आहे. मॅथ्यू लिबरमन यांच्या २००७ च्या अभ्यासात चेहऱ्यावरच्या भावनेला शब्द देताना मेंदूतल्या भीतीशी निगडित केंद्राची हालचाल मंदावलेली दिसली. तो अभ्यास प्रौढांवर होता. लहान मुलांकडे तर तो शब्दच नसतो. तो मोठ्यांनी पुरवावा लागतो.

परतीचा दिवसही असाच सांभाळता येतो. आजीच्या दारात रडारड नको म्हणून मुलाला झोपेत गाडीत टाकणे सोयीचे वाटते, पण जागे झाल्यावर त्याला सगळेच हरवलेले दिसते. ‘आता दोन रात्री झोपायचं, मग निघायचं’ असे बोटांवर मोजून सांगितले, तर रडू आधीच येऊन जाते. येऊ द्यावे.

हे सगळे सल्ले एक गोष्ट गृहीत धरतात : जवळ एक निवांत मोठे माणूस आहे. उसाच्या फडाशेजारी कोपीत राहणाऱ्या मुलाकडे नेमके तेच नसते. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. दोघेही पहाटे अंधारात फडात असतात आणि धाकट्याला सांभाळायला असते नऊ-दहा वर्षांची बहीण. तिचीही शाळा दिवाळीच्या सुट्टीबरोबरच सुटलेली असते. आजी मागे गावात राहिली, अंगणवाडीच्या ताई राहिल्या, खेळगडी राहिले. शहरी मुलाची साखळी पंधरा दिवसांत परत जुळते. याची पाच-सहा महिने जुळत नाही.

हार्वर्ड विद्यापीठातले बालविकास केंद्र ताणाचे तीन प्रकार मानते : उपकारक, सहन होणारा आणि घातक. सहन होणारा ताण घातक ठरतो तो बराचसा एका फरकाने. तो ताण लांबतो आणि त्या काळात आधार देणारे मोठे माणूस मुलाजवळ नसते. म्हणून पहाटे फडात जाणाऱ्या आईला ‘मुलाला वेळ द्या’ असे सांगण्यात अर्थ नाही. ते माणूस दुसऱ्या कुणीतरी पुरवायला हवे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सहा वर्षांवरच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेशाचा हक्क दिला आहे. त्याहून लहानांसाठी अंगणवाडी आहे. पण पटावर नाव चढणे म्हणजे मूल रुळणे नव्हे. पहिल्या आठवड्यात रोज तीच ताई, बसायला तीच जागा, धाकट्या भावाला घेऊन आलेल्या बहिणीला परत न पाठवणे आणि ‘तुझं गाव कोणतं, तिथे कोण कोण आहे’ ही चौकशी, यावर मूल दुसऱ्या आठवड्यात येते की नाही ते ठरते. मूल सतत गप्प असेल, जेवण सोडले असेल किंवा अंथरुणात पुन्हा लघवी होऊ लागली असेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवावे. टेलि-मानसच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही बोलता येते.

तोडणी-वाहतुकीचे करार हंगामाच्या काही महिने आधीच होतात. किती टोळ्या येणार, त्यांची खोपटी कोणत्या शिवारात पडणार, याचा अंदाज कारखान्याच्या शेती विभागाला असतो. त्या कागदावर कोयते मोजलेले असतात. मुलांचा एक रकाना त्यात वाढवला आणि तो कागद दिवाळीआधी अंगणवाडी पर्यवेक्षिकेच्या हाती पडला, तर पहिली मोळी गव्हाणीत पडण्याआधी त्या शिवारातल्या अंगणवाडीत किती ताटे आणि किती सतरंज्या लागतील, हे तिला ठाऊक असेल.